खिडकीतून दिलेलं जेवण

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात मुलांच्या वसतिगृहात मुलींना प्रवेश नव्हता. तरी एक मुलगी येऊन एका खोलीच्या खिडकीतून आत काहीतरी देते, हे तिथल्या रेक्टरांच्या नजरेस पडलं. रेक्टर होते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक शां. ब. मुजुमदार. कोणाही रेक्टरच्या मनात यावी ती शंका त्यांच्याही मनात आली आणि ते चौकशीला गेले. खोलीतला मुलगा मॉरिशसचा निघाला. काविळीने अंथरुणाला खिळलेला. मुलगीही मॉरिशसचीच. ती त्याला जेवण आणून देत होती. दारातून जायची सोय नाही, म्हणून खिडकीतून.

विद्येचं माहेरघर म्हणवणाऱ्या शहरात त्या आजारी पोराची विचारपूस करायला उरलं होतं ते त्याच्याच देशातलं दुसरं पोर. मुजुमदारांना हे लागलं. त्यातूनच 1971 मध्ये परदेशी आणि इथल्या विद्यार्थ्यांना एकत्र आणणारी ‘सिम्बायोसिस’ उभी राहिली. नावही त्यांच्या विषयातलंच. दोन वेगळे जीव एकमेकांच्या आधाराने जगतात, ते सहजीवन. आज ते नाव उच्चारलं की लोकांना कायद्याची आणि व्यवस्थापनाची पदवी आठवते, खिडकी कोणाला आठवत नाही.

शंका त्यांनाही आली होती, ही गोष्ट महत्त्वाची आहे. अनोळखी माणूस दिसला की शंका येणारच. पण ते खिडकीपर्यंत गेले आणि काय झालंय ते त्यांनी विचारलं.

आजही सुदान, टांझानिया, येमेन, अफगाणिस्तानातून मुलं पुण्यात शिकायला येतात. दोन बॅगा, फायलीत जपून ठेवलेलं प्रवेशपत्र आणि घरच्यांनी काटकसर करून जमवलेले पैसे. विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही, त्यामुळे डिपॉझिट, एजंटचं कमिशन, पहिलं भाडं हे सगळं त्याच पैशातून जायचं. फोनवर खोली रिकामी असते. मुलगा दारात उभा राहिला, मालकाने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, की ती ‘कालच गेलेली’ असते. आफ्रिकेतून आलेली कितीतरी मुलं हा अनुभव सांगतात. इमारतीतून उतरताना पायऱ्यांवर बसलेली पोरं मागून काहीतरी ओरडतात. शब्द कळत नाही, सूर कळतो.

नकार एका खोलीपुरताही राहत नाही. सहा महिन्यांहून जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला 14 दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंदणी करावी लागते. त्यासाठी पत्ता लागतो. बँकेत खातं उघडायचं तर पत्ता लागतो, मोबाइलच्या सिमसाठीही लागतो. पत्त्यासाठी भाडेकरार हवा, आणि तो ज्याच्या सहीने व्हायचा तो मालक दार लावून घेतो.

मालकांचं म्हणणं असतं, ‘पोलिसांची भानगड नको.’ ही भीती खोटी नाही. परदेशी माणसाला घरात ठेवलं की 24 तासांत ठरलेला फॉर्म भरून कळवणं घरमालकावर बंधनकारक आहे. पण हा फॉर्म ऑनलाइन भरता येतो. पासपोर्ट आणि व्हिसाची माहिती हाताशी असली तर चहा निवेपर्यंत होणारं काम आहे. एवढ्या कामासाठी एखाद्या मुलाला शहरभर हिंडवणं योग्य नाही. कोणी एकजण अमली पदार्थांच्या गुन्ह्यात सापडल्याची बातमी येते, हेही खरं. ती एकाची बातमी असते. तिची शिक्षा कॉलेजात जाणाऱ्या दुसऱ्याच मुलाला का?

2009 मध्ये मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले तेव्हा अख्खा देश संतापला होता, आणि तो संताप रास्त होता. 2016 मध्ये बेंगळुरूत सुदानी चालकाच्या गाडीने अपघात केला आणि जमावाने मारहाण केली ती एका टांझानियन विद्यार्थिनीला. तिचा त्या अपघाताशी काही संबंध नव्हता. तेव्हा तसा संताप दिसला नाही.

परदेशी विद्यार्थी म्हणजे काय हे मराठी माणसाने फार आधी अनुभवलं आहे. 1883 मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या. त्यांना न्यायला आल्या होत्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई. ओळख केवढी, तर दातांच्या डॉक्टरकडे बसल्या असताना बाईंनी एका मासिकात आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचं पत्र वाचलं आणि या मुलीला स्वतःहून लिहिलं. फिलाडेल्फियाचं वैद्यकीय महाविद्यालय सुरू होईपर्यंत आनंदीबाई त्यांच्याच घरी राहिल्या, शाकाहारी राहून, साडी नेसून. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. थंडी आणि क्षयाने तब्येत पोखरली, तरी 11 मार्च 1886 रोजी त्या डॉक्टर झाल्या. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांच्या अस्थी पुढे कार्पेंटर कुटुंबाच्याच दफनभूमीत, पोकिप्सीला, ठेवल्या गेल्या. परक्या मुलीसाठी त्या घराने तिथेही जागा केली.

कार्पेंटरबाईंनी कायदा बदलला नाही की संस्था काढली नाही. एक पत्र लिहिलं आणि बंदरावर जाऊन उभ्या राहिल्या.

पुण्यात, मुंबईत, नागपुरात ज्यांच्या घरची वरची खोली रिकामी आहे त्यांनी या वर्षी एकदा तरी अशा मुलाला घरात बोलवून बसवावं. त्याची कागदपत्रं बघावीत, शंका असतील त्या तोंडावर विचाराव्यात, कॉलेजला फोन करावा. पटलं तर किल्ली द्यावी आणि तो फॉर्म त्याच दिवशी भरून टाकावा. खोली द्यायची नसेल तर तसं सरळ सांगावं, ‘कालच गेली’ म्हणू नये. आणि सोसायटीत असं मूल आधीच राहत असेल, चार दिवस दिसलं नसेल, तर जिना चढून त्याचं दार वाजवावं. जेवलास का, एवढं विचारावं.