मनाचा पालट आणि हाताची सवय

रायपूरहून नागपूरकडे जाणारी गाडी राजनांदगावास थांबली की आम्हांला दरवेळी एका जुन्या प्रवासाची आठवण होते. १८९३ साली नारायण वामन टिळक नोकरीच्या निमित्ताने नागपुराहून राजनांदगावास येत होते. डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ होता. बोलणे संस्कृत काव्यावरून निघाले आणि धर्मावर येऊन ठेपले. निरोप घेताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. पुस्तकाने टिळकांना आरंभी फारसे ओढले नाही. परंतु वाचीन असा शब्द दिला होता, म्हणून हाती पेन्सिल घेऊन ते वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन खिळले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ही कथा बहुतेकांस ठाऊक आहे. तिच्या मधल्या दोन वर्षांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मन वळू लागले होते, तरी टिळक आपले नाव उघड न करता पत्रांतून शंका विचारीत होते. हा पुरुष भित्रा खास नव्हता. मग भय कशाचे? नरकाचे नव्हे, की राजनांदगावच्या दरबाराचेही नव्हे. ज्यांच्या पंक्तीला आपण जन्मभर बसलो त्या माणसांचे डोळे उद्या आपल्याकडे कसे पाहतील, याचे ते भय होते. असे भय ज्याला वाटत नाही त्याने आपल्या माणसांवर कधी प्रेम केले असेल, याचीच आम्हांला शंका येते.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ ख्रिस्ती माणसापुरता नाही. बुद्धीला एक गोष्ट पटली, श्रद्धेने ती स्वीकारलीही. तरी जुनी सवय सुटत नाही, जुने भय हलत नाही. अशा वेळी ती श्रद्धा खोटी म्हणावी काय? लोक चटकन ‘ढोंग’ म्हणून मोकळे होतात. आम्हीही अनेक वर्षे तसेच म्हणत होतो. ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यावर आमचे ते मत डळमळले.

लक्ष्मीबाईंचे माहेर सोवळ्याचे होते, एवढे म्हणून भागत नाही. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके विकोपास गेले होते की बाजारातून आलेले मीठदेखील धुतल्यावाचून घरात येत नसे. अशा घरात वाढलेली ही स्त्री पतीच्या धर्मांतराने एका दिवसात निराधार झाली. पुढे काही वर्षांच्या ताटातुटीनंतर ती पतीकडे राहावयास आली, पण आपला धर्म आणि आपली चूल वेगळी ठेवून. टिळकांनी ती चूल मोडली नाही, आणि आमच्या मते त्यांच्या सगळ्या काव्याइतकीच ही गोष्ट मोठी आहे. मग केव्हा तरी, कोणी वाद न घालता, जातिभेद देवाने केला की माणसाने, असा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या मनात उठला, आणि त्याचे उत्तरही त्यांनी स्वतःच दिले. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली, म्हणजे पतीमागून पाच वर्षांनी. पुढे याच बाईंच्या घरात नाना जातींची अनाथ मुले एका ताटात जेवून वाढली.

पतीने दोन वर्षांत ओलांडलेली नदी पत्नीला सात वर्षे लागली. म्हणून तिची श्रद्धा उणी असे कोण म्हणेल? पुरुषाची श्रद्धा पुस्तकातून आली होती. बाईला ती घागर, चूल, ताट आणि वाटी यांच्यामधून वाट काढीत आणावी लागली. सोवळ्याचा भार घरात वाहतो कोण, हे ज्याने पाहिले आहे त्याला या दिरंगाईचे आश्चर्य वाटणार नाही.

खुद्द नव्या करारातही याला दाखला आहे. यापो येथे पेत्राला दृष्टान्त झाला, देवाने शुद्ध केलेले अशुद्ध मानू नये असा बोध झाला, आणि तो परराष्ट्रीय कर्नेल्याच्या घरी गेला. एवढे होऊनही पुढे अंत्युखियास यरुशलेमेहून काही मंडळी आली तेव्हा, ती काय म्हणतील या भयाने, तो विदेश्यांच्या पंक्तीवरून हळूच उठला. पौलाने त्याला तोंडावर दोष दिला, हे गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. पौलाने दोष दिला हे योग्यच झाले. परंतु पेत्राचे प्रेषितपद त्यामुळे गेले नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

अर्थात जुने ते सगळेच टाकाऊ असेही नव्हे. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन ही चर्चमध्ये आणली. तुकोबांचे ऋण ते उघड मानीत. काय टाकावे आणि काय बरोबर न्यावे, याची पारख आम्हांला एवढीच दिसते, की जी सवय माणसाला माणसापासून तोडते ती भयाची आणि जी जोडते ती भक्तीची. ही कसोटी प्रत्येक ठिकाणी पुरी पडेलच असा आमचा आग्रह नाही.

आता आमच्याच घरचे सांगतो. ऑस्कर लोर १८६८ साली रायपुरास आले आणि त्यांच्या कार्यातून पुढे विश्रामपूर वसले. तिकडच्या एका घराण्यातले ख्रिस्ती गुरुजी आमच्या वडिलांचे स्नेही होते. रविवारी प्रार्थना आटोपून ते आमच्याकडे चहास येत. त्यांचा निळ्या काठाचा कप आजीने ओटीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. आजी वारली. घरात समतेवर बोलणारी, लिहिणारी माणसे उरली, त्यांत आम्हीही होतो. कप मात्र कोनाड्यातच राहिला. कोणी तसे सांगत नव्हते. हात आपोआप तिकडे जात होता.

एके दिवशी चहा पिऊन झाल्यावर गुरुजींनी स्वतः उठून कप विसळला आणि नेमका कोनाड्यात नेऊन ठेवला. आम्ही समोर बसलो होतो. इतकी वर्षे हे त्यांना ठाऊक होते आणि तरीही ते येत होते, हे त्या क्षणी आम्हांस प्रथम उमगले. त्या रात्री आम्ही तो कप काढून त्यातून चहा घेतला. पहिला घोट घशाशी अडला, हे कबूल करणे भाग आहे. लाज वाटत होती ती कोनाड्याची की अडलेल्या घोटाची, ते आम्हांला अजून ठरवता आलेले नाही.

दुसऱ्या दिवशी कप फडताळात इतर कपांबरोबर लागला. गुरुजी त्यानंतर तीनचार वर्षे येत होते. चहा झाला की कप विसळून कोनाड्याकडे वळण्याची त्यांची सवय मात्र शेवटपर्यंत गेली नाही.