निघून जाण्याचा हक्क कोणाचा?

रोड मूव्ही हा चित्रपटप्रकार मला आवडतो, आणि त्याच्याविषयी माझ्या मनात एक जुना संशयही आहे. मोकळा रस्ता, खिडकीतून मागे सरणारा मुलूख, एकटा माणूस आणि कुठेच न पोचण्याची ओढ. हे सगळं पाहता पाहता एकाकीपण फार देखणं वाटू लागतं. मराठी भाषा मात्र या देखणेपणाला सहज भुलत नाही. परतायला घर असलेला माणूस हिंडला की ती भटकंती, घर नसलेला हिंडला की वणवण. हिंडणारा मुलगा उनाड असतो, आणि त्या शब्दात रागाच्या जोडीला थोडं कौतुकही असतं. हिंडणारी बाई उंडगी ठरते. तिथे कौतुक नावालाही नाही. माणसाला सगळं सोडून निघून जाण्याचा हक्क आहे असं आपण म्हणतो, तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे नेमका कोणता माणूस असतो?

एका वर्षाच्या अंतराने आलेले दोन चित्रपट या प्रश्नापुढे ठेवून पाहण्याजोगे आहेत. विम वेंडर्सच्या 'पॅरिस, टेक्सस'ला १९८४ साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं. आन्येस वार्दाच्या 'व्हॅगाबाँड'ला १९८५ साली व्हेनिसमध्ये.

'पॅरिस, टेक्सस'मधला ट्रॅव्हिस वाळवंटातून चालत येतो. डोक्यावर लाल टोपी, तोंडातून शब्द नाही. चार वर्षं तो बेपत्ता होता. भाऊ वॉल्ट त्याला शोधून लॉस एंजेलिसला घरी आणतो. तिथे ट्रॅव्हिसचा मुलगा हंटर वाढतो आहे, वॉल्ट आणि त्याची बायको ॲन यांच्या मायेत. हॅरी डीन स्टँटनचा तो सुकलेला, ओढलेला चेहरा पाहून आपण त्याच्यावर कसलाही आरोप ठेवायला तयार नसतो. इतकं दुःख सोसलेल्या माणसाला हिशेब काय विचारायचा?

हिशेब चित्रपट स्वतःच विचारतो, पण फार उशिरा. ह्यूस्टनमध्ये काचेच्या एका बाजूला ट्रॅव्हिस, दुसऱ्या बाजूला त्याची बायको जेन. ती त्याला पाहू शकत नाही, फोनवर फक्त त्याचा आवाज ऐकते. तिच्याकडे पाठ करून तो एका नवराबायकोची गोष्ट सांगतो, आणि ती गोष्ट त्यांचीच असते. संशयाने पछाडलेल्या नवऱ्याने बायको पळून जाईल या भीतीने तिच्या पायाला घंटा बांधली. रात्री ती उठली की त्याला कळावं म्हणून. पुढे त्याने तिला चुलीलाच बांधून ठेवलं. मग एका रात्री घराला आग लागली, आणि तो पळत सुटला.

म्हणजे ज्याची वणवण आपण दीड-दोन तास हळहळत पाहिली, त्यानेच एका बाईचं निघून जाणं अशक्य करून टाकलं होतं. जाण्याचा हक्क त्याने तिच्याकडून काढून घेतला आणि स्वतः वापरला. पुढे जेनही घर सोडते, मुलाला दिराच्या घरी ठेवते; पण दर महिन्याला त्याच्यासाठी बँकेत पैसे भरत राहते. दोघंही निघून गेली, पण दोघांच्या जाण्याचं वजन सारखं नाही.

शेवटी ट्रॅव्हिस मायलेकरांची भेट घडवतो आणि रात्री एकटाच गाडीतून निघून जातो. हा त्याग आहे की आणखी एक पलायन? मला वाटतं, दोन्ही आहे. आपण जवळ राहिलो तर काय होतं हे त्याला ठाऊक आहे, म्हणून त्याचं जाणं ही जेनवर केलेली दयाच ठरते. पण चार वर्षं ज्या ॲनला हंटर आई म्हणत होता, तिचं काय? मुलाचा फोन येऊन गेल्यानंतर चित्रपट तिच्याकडे परत वळत नाही. निघून जाणाऱ्याच्या पाठीवर कॅमेरा रेंगाळतो. घर सांभाळणारी माणसं चौकटीबाहेर राहतात.

वार्दाने हीच चौकट उलटी केली. तिच्या चित्रपटाचं मूळ फ्रेंच नाव 'सां त्वा नी ल्वा', म्हणजे छप्पर नाही आणि कायदाही नाही. सुरुवातीलाच दक्षिण फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांच्या परिसरात एका चरात थंडीने गोठून मेलेली तरुण मुलगी सापडते. ही मोना. सांद्रिन बॉनेरने तिला जराही गोड केलेलं नाही. मोना सेक्रेटरीची नोकरी सोडून रस्त्यावर आली आहे. तिच्या अंगाला वास येतो, ती आळशी आहे आणि कोणाचे आभार मानत नाही. तिची गोष्ट तिला भेटलेली माणसं सांगतात, आणि सांगता सांगता स्वतःचीच ओळख करून देतात. कॅमेरा रस्त्याच्या कडेने उजवीकडून डावीकडे सरकत राहतो. ती चौकटीत येते, बाहेर जाते, आणि तो पुढे जाऊन एखाद्या निर्जीव वस्तूवर थांबतो. ट्रॅव्हिसला मिळाली ती हळहळ इथे मागूनही मिळत नाही.

या साक्षीदारांपैकी दोघं मला महत्त्वाचे वाटतात. एक तत्त्वज्ञान शिकून शेळ्या पाळणारा माणूस. कधीकाळी तोही रस्त्यावर होता. मोनाला तो राहायला जागा देतो, कसायला जमिनीचा तुकडा देतो. ती काहीच करत नाही. तो चिडतो, तिला उपदेश करतो, आणि ती जाते. दुसरा असून, द्राक्षमळ्यात छाटणी करणारा ट्युनिशियन मजूर. तो तिला काम शिकवतो, आपल्या बिऱ्हाडात ठेवून घेतो. पण मोरोक्कोला गेलेले सोबती परत येतात, घरात बाई नको म्हणतात, आणि तो त्यांच्यापुढे नमतो. शेळ्यावाल्याकडे द्यायला भरपूर होतं, फक्त मोनाने त्याच्यासारखं जगावं ही अट होती. असूनची अट काहीच नव्हती, पण त्याच्या हातात घरही पुरतं नव्हतं. शेवटी बाकीचे साक्षीदार बोलतात. असून काहीच बोलत नाही. तिचा राहून गेलेला स्कार्फ तो नुसता नाकाशी धरतो.

मोना स्वतंत्र होती का? आपल्या मनाने निघाली, एवढ्या अर्थाने होती. पण ट्रॅव्हिसला वाळवंटातून उचलून आणायला भाऊ होता. मोनाच्या स्वातंत्र्यामागे कोणीच उभं नव्हतं, आणि बाई असल्यामुळे रस्त्यावरचा धोकाही तिला जास्त होता. ज्या जाण्यामुळे तो शोकनायक झाला, त्याच जाण्याने तिचा जीव घेतला.

इथे मला लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आठवतं. १९८० साली आलेलं हे आत्मकथन वाचताना कळतं की गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबात एकटं असं कोणी नसतंच; तरीही प्रत्येक गावाच्या वेशीबाहेर ते सगळे मिळून एकाकी असतात. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कित्येक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावं लागलं. जाण्याच्या हक्काविषयी बोलताना आपण विसरतो की कित्येकांना थांबण्याचाच हक्क नव्हता.

निघून जाण्याचा हक्क मला मान्य आहे. माणूस म्हणजे खुंट्याला बांधलेलं जनावर नव्हे. पण हा हक्क मी खरोखर मानतो की नाही, हे दोन ठिकाणी कळतं. मी जिला धरून ठेवू पाहतो, तिच्या पायात घंटा न बांधता तिला जाऊ देईन का? आणि दारात आलेली व्यक्ती राहणार नाही, सुधारणार नाही, आभारही मानणार नाही हे दिसत असताना तिला रात्रीपुरता निवारा देईन का? पहिल्या प्रश्नाला आपण निदान तोंडाने तरी 'हो' म्हणायला शिकलो आहोत. दुसऱ्यापाशी अजून बहुतेक जण त्या शेळ्यावाल्यासारखेच आहोत. द्यायला आपल्याजवळ असतं, पण समोरच्याने आपल्यासारखं व्हायला हवं असतं.