घोटलेला कागद आणि घासलेला आरसा

पेशवाईतील एखादी सनद किंवा जुन्या पोथीचे पान उजेडाकडे तिरपे धरले असता त्याच्या पृष्ठभागावर जी मंद, लांबट पट्ट्यांची झाक दिसते, ती कागदाबरोबर जन्माला आलेली नसते. साच्यावर उचललेला ताव वाळून निघतो तेव्हा तो खरबरीत आणि शोषक असतो. बोरू टेकताच शाई फुटते आणि अक्षराला काठ म्हणून उरत नाही. म्हणून कागदी त्या तावाला तांदळाची किंवा गव्हाची खळ देत, तो पुन्हा वाळवीत, आणि मग फळीवर पसरून अकीकासारख्या गुळगुळीत दगडाने, दोन्ही हातांचा भार देऊन, पट्ट्यापट्ट्याने घोटीत. अशा घोटीव कागदावरच मोडीसारखी, हात न उचलता धावणारी लिपी दफ्तरातील कारकुनाला सुखाने लिहिता येई.

ही झाक आली कोठून, हा माझा प्रश्न आहे. तंतूंमध्ये ती सुप्त होती आणि घर्षणाने प्रकट झाली, की बाहेरून आणून बसविली गेली? प्रश्न कागदाचा दिसला, तरी वेदान्ताच्या फडात तो फार पूर्वी येऊन गेलेला आहे.

ब्रह्मसूत्रांतील चौथ्या सूत्रावर भाष्य करताना शंकराचार्यांनी मोक्ष हा कर्माचे फल होऊ शकत नाही असे प्रतिपादन केले आहे. कर्माने वस्तू उत्पन्न होते, विकार पावते, प्राप्त होते किंवा संस्कारित होते. आणि संस्कार म्हणजे एक तर गुणाची भर, नाही तर दोषाचे निवारण. यावर पूर्वपक्षी आरसा पुढे करतो: घासल्याने आरशाचे स्वतःचेच तेज जसे प्रकट होते, तसा झाकला गेलेला मोक्ष क्रियेने आत्म्यात प्रकट होईल. आचार्यांचे उत्तर असे की क्रिया ज्याच्या ठायी घडते त्याला विकृत केल्यावाचून ती घडूच शकत नाही, आणि विकार मानला की आत्म्याचे नित्यत्व गेले. उत्तर अभेद्य आहे; तथापि घासलेल्या आरशाचे काय झिजले हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पूर्वपक्षाचे आकर्षण वाचकाच्या मनातून जात नाही. कागदाच्या गिरणीत मात्र ते धडधडीत दिसते.

तेथे दगडाचे काम सुपरकॅलेंडर नावाचे यंत्र करते: पोलादी रूळ आणि दाबून घट्ट केलेल्या कापसाचे किंवा कागदाचेच रूळ एकाआड एक रचलेले असतात, आणि त्यांच्या भारी दाबातून व घर्षणातून कागद नागमोडी खाली उतरतो. बाहेर पडतो तेव्हा तो चकचकीत असतो, पण पातळही झालेला असतो. तंतूंमधील हवेच्या पोकळ्या चेपून मिटतात. प्रकाश विखुरण्याचे आणि कागद अपारदर्शक राखण्याचे काम बव्हंशी त्याच पोकळ्या करीत असल्यामुळे पाठचा मजकूर पुढे डोकावू लागतो, आणि तावाचा ताठपणाही उणावतो. ओलावा अधिक राहिला तर ठिकठिकाणी काळपट, काचेसारखे डाग पडतात. म्हणजे ही चकाकी नुसती उघडकीस आलेली नाही. कागदाने आपल्या अंगातून तिची किंमत मोजली आहे. आचार्यांच्या वर्गवारीत तिची जागा संस्कारापेक्षा विकारात अधिक शोभते.

निव्वळ गुणाची भर पाहावयाची असेल तर आर्ट पेपर घ्यावा. चिनी मातीचा थर केसीनने किंवा स्टार्चने बांधून दोन्ही अंगांना दिला की वाचकाची दृष्टी तंतूंपर्यंत पोहोचतच नाही. तो पाहतो ती माती. दिवाळी अंकातील रंगीत चित्रे त्यावर खुलतात, पण ओली पाने एकमेकांवर तशीच वाळू दिली तर अंकाची वीट होते. भर घालताना दोषही आत शिरू शकतो, याचा दाखला इलिग या जर्मनाने दिला. खळ वरून देण्याऐवजी राळ व तुरटी लगद्यातच मिसळण्याची युक्ती त्याने 1807 साली प्रसिद्ध केली; ताव जन्मण्यापूर्वीच त्याच्यावर संस्कार झाला, आणि तुरटीच्या आम्लाने पुढील शतकातील असंख्य ग्रंथांची पाने आतून ठिसूळ करून टाकली. त्यांच्याहून जुन्या सनदा आजही घडीवर न तुटता उलगडतात.

आत्मा या साऱ्यापासून अलिप्त राहिला, तरी चित्त राहत नाही. चित्त विकारी आहे, म्हणूनच चित्तशुद्धीपुरते कर्म आचार्यांनाही मान्य आहे; आणि माझ्या मते साधकाने आरशापेक्षा कागदाचा दृष्टान्त जवळ बाळगावा, कारण किती घोटावे हा प्रश्न आरसा विचारीतच नाही. फार घोटलेल्या कागदात काजळाची शाई मुरत नाही, वरच बसते, आणि ओल्या फडक्याने पुसली जाते. चूक दुरुस्त करणाऱ्या लेखनिकाला ही सोय, वतनाचा हक्क लिहिलेल्या दस्तऐवजाला हा धोका. श्रवणाने, शिष्टाचाराने, सभ्यतेने इतकी गुळगुळीत झालेली माणसे आपण पाहतो की कोणताही उपदेश त्यांच्यावर सुबक उमटतो आणि पहिल्याच सरीत वाहून जातो. उलट, जलरंगांनी काम करणारा चित्रकार पुष्कळदा मुद्दाम खरबरीत कागद मागतो, कारण रंगाला त्याच्या खळग्यांतच आश्रय मिळतो. आपल्या शास्त्रकारांनी अधिकारभेद मानला, तो पुष्कळांना उच्चनीचतेचा पुरस्कार वाटतो, आणि व्यवहारात तो तसा वापरलाही गेला. परंतु कोणत्या चित्ताला किती घोट सोसेल, आणि त्यावर पुढे काय लिहावयाचे आहे, हे प्रत्येकासाठी वेगळे ठरवावे लागते, एवढ्या अर्थाने तरी मला तो टाकता येत नाही.