मंथन आणि वाटप

प्रवरेला आपल्या पूर्वजांनी अमृतवाहिनी म्हटले, आणि समुद्रमंथनातून निघालेल्या अमृताचे वाटप मोहिनीने याच नदीच्या काठी, नेवाशास केले, अशी श्रद्धा जपली. खाऱ्या सागराच्या उदरातून जीवनरस काढण्याची ती पुरातन आकांक्षा आज यंत्राने सिद्धीस नेली आहे. चेन्नईजवळ मिंजूर येथे २०१० साली रोज १० कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला, आणि मुंबई महापालिकेने मनोरीस २० कोटी लिटरचा योजिला. तानसा, वैतरणा, भातसा यांच्या खोऱ्यांवर विसंबून राहिलेल्या त्या महानगराने दाराशी असलेला समुद्र प्यावा, हे न्यायाचेच होय.

परंतु प्रवरेकाठचे आमचे संगमनेर सह्याद्रीच्या पलीकडे, समुद्रसपाटीहून सुमारे ५५० मीटर उंचावर. हजार लिटर पाणी गोडे करण्यास तीन-चार युनिट वीज लागते, ते इतके वर चढवण्यास आणखी निदान दीड. शिवाय उरलेले दाट खारे पाणी पुन्हा सागरातच सोडावे लागते. मंथनातून अमृताआधी हलाहल निघाले होते; ते पचवणारा नीलकंठ आज कोण? किनाऱ्यावरच्या कोळ्यावर तो भार टाकून आपली तहान भागवणे धर्म्य ठरेल काय?

आणि पुराणातला कलह अमृत निघाल्यावर शमला नाही, तेव्हाच पेटला. प्रवरेवरील निळवंडे, भंडारदरा धरणांचे पाणी खालच्या जायकवाडीस सोडण्याचा हुकूम निघाला की वरचा आणि खालचा शेतकरी समन्यायी पाणीवाटपाच्या २००५ च्या कायद्याचा आधार घेऊन समोरासमोर उभे राहतात, त्याचे मूळ या वाटपाच्या कलहातच. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीने मात्र पाणलोटाच्या कामात चर खोदले, बांध घातले, चराईबंदी पाळली. तेथे पाण्याइतकाच संयमही मुरला. पण मेंढ्या राखणाऱ्याच्या वाट्याला तो संयम अधिक आला, याचे ऋण गावाने विसरू नये. यंत्र पाणी निर्माण करील. कोणी किती घ्यावे आणि कोठे थांबावे, हे ते सांगणार नाही.

वैशाखात तालुक्याच्या पठार भागातील कोरड्या ओढ्याच्या वाळूत झिरा खणलेला असतो. बाई वाकून वाटीवाटीने घागर भरते, आणि भरताच, तहान संपलेली नसतानाही, बाजूला सरते. झिरा पुन्हा डबडबेपर्यंत पुढची थांबून राहते. समुद्राकडे हात पसरण्यापूर्वी आपण या पाळीपुढे नतमस्तक व्हावे.