धर्मग्रंथ, बंदी आणि शासनाचे वाचन

ग्रंथ आणि धर्म यांच्या संबंधाचा विचार करणाऱ्याला १९२७ हे वर्ष ओलांडून पुढे जाता येत नाही. त्या वर्षी सप्टेंबर महिन्यात मध्यवर्ती विधिमंडळाने भारतीय दंड संहितेत २९५-अ हे कलम घातले आणि एखाद्या वर्गाच्या धर्माचा वा धर्मश्रद्धांचा हेतुपुरस्सर व दुष्ट बुद्धीने केलेला अपमान हा गुन्हा ठरविला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबर रोजी, महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली भरलेल्या परिषदेत 'मनुस्मृती'चे जाहीर दहन झाले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. पण दोहोंच्या मुळाशी असलेला प्रश्न एकच आहे. एखादी संहिता माणसांना जखमी करीत असेल, तर तिचे काय करावे आणि ते कोणी करावे? विधिमंडळाने हा अधिकार शासनाकडे आणि न्यायालयाकडे दिला. महाडला जमलेल्यांनी तो स्वतःकडे घेतला. त्यांनी ग्रंथ जाळला. त्यावर सरकारने बंदी घालावी, अशी त्यांची मागणी नव्हती.

मराठी समीक्षेत 'टेक्स्ट' या संज्ञेसाठी 'संहिता' हा शब्द रुळला, ही गोष्ट या संदर्भात उद्बोधक आहे. वेदांच्या संहिता, दंड संहिता आणि समीक्षकाच्या मेजावरील साहित्यकृतीची संहिता या सर्वांना मराठीत एकच नाव आहे. समीक्षकाची संहिता वाचकाला अर्थ लावण्यास बोलावते. दंड संहिता आज्ञा करते आणि आज्ञेचा अर्थ निश्चित आहे असे गृहीत धरते. धर्मग्रंथ या दोहोंच्या मध्ये उभा असतो. तो वाचला जातो, गाइला जातो, त्यावर टीका रचल्या जातात. आणि त्याच वेळी कोणी कोणत्या पाणवठ्यावर जावे, हेही त्याच्या आधारे ठरविले जाते. या दुहेरी स्वरूपाकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच बंदीविषयीची चर्चा बहुधा फसते. उदारमतवादी म्हणतो, हे शेवटी शब्दच आहेत. नको असतील तर वाचू नका. ज्यांच्या पूर्वजांना त्या शब्दांच्या आधारे गावकुसाबाहेर ठेवण्यात आले, त्यांना हे उत्तर थट्टेसारखे वाटले तर नवल नाही. बंदीचा पुरस्कर्ता म्हणतो, ग्रंथ नाहीसा करा म्हणजे जखम भरेल. हे उत्तर अधिक कनवाळू दिसते. ते अधिक चुकीचे कसे आहे, हे बंदीचे हुकूम आणि त्यांवरील निवाडे वाचल्यावर ध्यानात येते.

२९५-अ या कलमाचा उगम लाहोरच्या एका पुस्तिकेत आहे. १९२४ मध्ये राजपाल या प्रकाशकाने 'रंगीला रसूल' ही पैगंबरांच्या खाजगी आयुष्याविषयीची निनावी पुस्तिका प्रसिद्ध केली. १५३-अ या कलमाखाली खटला झाला, शिक्षा झाली. परंतु १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दलीपसिंग यांनी राजपाल यांना दोषमुक्त केले. पुस्तिकेच्या अभिरुचीविषयी त्यांना आदर होता असे नव्हे. पण दोन वर्गांत वैर पसरविणे आणि दिवंगत धर्मसंस्थापकावर टीका करणे या भिन्न गोष्टी आहेत, असा त्यांचा निर्णय होता. कायद्यातील ही फट बुजविण्यासाठी नवे कलम आले. त्या वेळच्या चर्चेत महंमद अली जिना यांनी प्रामाणिक इतिहासलेखनाला आणि धर्माच्या सद्भावपूर्वक चिकित्सेला संरक्षण राहिले पाहिजे, असा इशारा दिला होता. हेतू आणि दुष्ट बुद्धी यांची अट ही त्याच चिंतेची खूण आहे. कलम आल्यानंतर दोन वर्षांच्या आत राजपाल यांचा खून झाला.

आता ही अट समीक्षेच्या दृष्टीने पाहावी. लेखकाचा हेतू आणि संहितेचा अर्थ यांची फारकत करण्यासाठी विसाव्या शतकातील समीक्षेने पुष्कळ शक्ती वेचली. न्यायालयाला ती चैन परवडणारी नाही. त्याला हेतू शोधावाच लागतो. पण लेखकाच्या मनात शिरण्याची वाट न्यायालयालाही सापडलेली नाही. मग हेतू शोधायचा तो शैलीत. परिणामी, जे विधान गंभीर, तळटीपांनी सजविलेल्या गद्यात संशोधन ठरते, तेच उपहासाच्या वा शिवराळ भाषेत गुन्हा ठरण्याची शक्यता निर्माण होते. वरकरणी ही कसोटी निःपक्षपाती वाटते. परंतु उपहास हे कोणाचे हत्यार राहिले आहे? जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त मत्स्य, कच्छ, वराह आदी अवतारकथांची जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादातून जी उलटतपासणी केली, तिचा स्वर सभ्य नव्हता आणि तो तसा असण्याचे कारणही नव्हते. २९५-अ हे कलम तेव्हा नव्हते. असते, तर शैलीवरून हेतू वाचणाऱ्या न्यायाधीशापुढे फुल्यांचा निभाव लागला असता काय, याची खात्री देता येत नाही. सौम्य भाषा ही ज्यांच्या भाषेला सार्वजनिक मान्यता आधीच आहे, त्यांची मिरास असते.

शासन स्वतः कसे वाचते, याचा उत्तम नमुना 'सच्ची रामायण' या पुस्तकाच्या प्रकरणात सापडतो. पेरियार ई. व्ही. रामसामी यांच्या रामायणचिकित्सेचे हे हिंदी रूप ललई सिंह यादव यांनी प्रसिद्ध केले. १९६९ मध्ये उत्तर प्रदेश शासनाने ते जप्त केले. फौजदारी प्रक्रिया संहितेचे तेव्हाचे कलम ९९-अ शासनाला हा अधिकार देत होते. मात्र शासनाने आपल्या मताची कारणे नमूद करावीत, अशी त्याची अट होती. शासनाने काय केले? पृष्ठक्रमांक आणि ओळी यांचा तक्ता जोडला आणि हिंदूंच्या धर्मभावना दुखावल्या जातात असे म्हटले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९७१ मध्ये हा हुकूम रद्द केला आणि १९७६ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालपत्राद्वारे सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केले. कारण एवढेच की हुकुमात कारणे नव्हती. निवाडा तांत्रिक म्हणून सोडून देण्याजोगा वाटेल. पण साहित्याच्या अभ्यासकाने तो सोडू नये. ओळी उद्धृत करणे म्हणजे वाचणे नव्हे, हे कोणत्याही पदव्युत्तर वर्गात सांगावे लागते. येथे ते एका राज्य शासनाला सांगावे लागले. तक्त्यातील ओळीपासून दुखावलेल्या भावनेपर्यंत जाणारी वाट म्हणजेच अन्वयार्थ. आणि शासनाने नेमका तोच टाळला होता, कारण अन्वयार्थ मांडला की त्याचा प्रतिवाद करता येतो.

निदान येथे तक्ता तरी होता. सलमान रश्दी यांच्या 'द सॅटॅनिक व्हर्सेस'च्या आयातीवर १९८८ मध्ये सीमाशुल्क कायद्याखाली बंदी आली. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर ती अधिसूचनाच कोणाला हजर करता आली नाही, तेव्हा ती अस्तित्वात नाही असे गृहीत धरण्यावाचून न्यायालयाला गत्यंतर उरले नाही. छत्तीस वर्षे एका कादंबरीला अडविणारी संहिता स्वतःच गहाळ होती.

प्रश्नाचे दुसरे टोक कलकत्त्याला दिसते. १९८५ मध्ये तेथील उच्च न्यायालयात कुराणाच्या सर्व प्रती जप्त कराव्यात असा अर्ज आला. अर्जदारांनीही निवडक वचनांची यादीच केली होती. न्यायमूर्ती बिमलचंद्र बसाक यांनी अर्ज फेटाळला: वचने संदर्भातून तोडून वाचता येणार नाहीत आणि एखाद्या धर्माच्या मूलग्रंथाविषयी निवाडा करणे हे न्यायालयाचे काम नव्हे. निर्णय योग्यच होता. पण त्यातून उभी राहणारी व्यवस्था नीट पाहण्यासारखी आहे. मूलग्रंथ पवित्र म्हणून बंदीच्या कक्षेबाहेर. त्यावरील चिकित्सा, विडंबन, प्रतिकथा मात्र कक्षेच्या आत. संदर्भासह वाचले जाण्याचा हक्क मूलग्रंथाला आपोआप मिळतो, ललई सिंहांच्या पुस्तकाला तो न्यायालयात झगडून मिळवावा लागतो. मूलग्रंथाने शूद्रांविषयी, स्त्रियांविषयी वा पाखंडी म्हटल्या गेलेल्यांविषयी काढलेले उद्गार हा धर्म होतो आणि त्या उद्गारांना दिलेले प्रत्युत्तर हा अपमान.

ही विषमता दूर करण्यासाठी मूलग्रंथांनाही बंदीच्या कक्षेत आणावे, असे कोणी सुचवील. रशियातील अनुभव त्याला पुरेसे उत्तर आहे. २०११ मध्ये टॉम्स्क येथील सरकारी वकिलांनी भक्तिवेदान्त स्वामी प्रभुपाद यांच्या 'भगवद्गीता जशी आहे तशी' या ग्रंथाचे रशियन भाषांतर अतिरेकी साहित्य ठरवावे अशी मागणी केली. त्यांचा रोख मूळ श्लोकांपेक्षा भाष्यावर होता. भारतीय संसदेत त्यावर मोठा गदारोळ झाला. एरव्ही पुस्तके बंद करा म्हणणाऱ्यांनाही त्या आठवड्यात वाचनस्वातंत्र्याचे महत्त्व पटले. न्यायालयाने मागणी फेटाळली. पुढे २०१५ मध्ये रशियाने कायद्यात दुरुस्ती करून बायबल, कुराण, तनाख आणि कांजूर यांना संरक्षण दिले. यादी चारांवर थांबली. गीता तीत नाही. श्लोक निर्दोष आणि भाष्य दोषी, ही विभागणी मराठी वाचकाला तर विशेषच विचित्र वाटावी. 'ज्ञानेश्वरी' हे भाष्यच आहे, आणि मराठी माणसाची गीता पुष्कळदा तीच असते. आपल्याकडे ग्रंथ टीकांच्या द्वारे जगतात. प्रत्येक टीका मूळ संहितेला थोडे हलविते. बंदीचा हुकूम हीही एक टीकाच असते, पण आपल्यानंतर कोणी टीका लिहू नये असे म्हणणारी.

बंदीच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा भावनांचा नाही, जीविताचा आहे. पुस्तकापायी दंगल पेटते तेव्हा मरणारा बहुधा ना लेखक असतो ना वाचक. महाराष्ट्र शासनाने २००७ मध्ये इस्लामविषयीच्या एका इंग्रजी पुस्तकावर बंदी घातली आणि २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ती कायम ठेवली. इतर धर्मांप्रमाणे इस्लामचीही चिकित्सा करता येते, हे पीठाने मान्य केले होते. आक्षेप होता तो एका समाजाविरुद्ध द्वेष चेतविण्याला. हा भेद खरा आहे आणि अल्पसंख्याकांच्या सुरक्षिततेची काळजी करणाऱ्याने तो हसण्यावारी नेऊ नये. परंतु चिथावणी ही कृती आहे. तिच्यासाठी माणसावर खटला भरता येतो, पुरावा द्यावा लागतो, बचावाला वाव राहतो. जप्तीच्या हुकुमात आरोपी ग्रंथ असतो, निकाल आधी लागतो आणि बचाव नंतर, तोही कोणी उच्च न्यायालयात गेला तर. शिवाय हिंसेची भीती हे कारण एकदा चालू लागले की हिंसेची धमकी देणाऱ्याच्या हाती बंदीची किल्ली जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रंगराजन खटल्यात, एका चित्रपटाच्या निमित्ताने, शासनाला आपल्या असमर्थतेची सबब पुढे करता येणार नाही असे बजावले होते. तरीही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांत ही दोन्ही कलमे केवळ क्रमांक बदलून, २९९ आणि ९८ म्हणून, पुढे चालू राहिली आहेत.

मग जखमेचे काय? येथे महाडकडे परतावे लागते. दहन ही बंदीची आवृत्ती नव्हे. आंबेडकरांनी 'बहिष्कृत भारता'त त्याची तुलना विदेशी कापडाच्या होळीशी केली होती. होळी करणारा आपल्या अंगावरचे वस्त्र टाकतो. दुसऱ्याचे दुकान लुटीत नाही. जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जो हल्ला झाला, त्याला महाडचा दाखला देणारे ही साधी गोष्ट विसरतात. महाडच्या कृतीचा अर्थ, या ग्रंथाची आमच्यावरील सत्ता आम्ही मानीत नाही, एवढाच होता. त्यासाठी ग्रंथ उरणे आवश्यक होते. आंबेडकर पुढेही मनू वाचीत राहिले, उद्धृत करीत राहिले, त्याच्याशी भांडत राहिले. राज्यघटनेनेही हीच वाट धरली: अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, तिचा आचार गुन्हा ठरविला, आणि 'मनुस्मृती'च्या एकाही प्रतीला हात लावला नाही. संहितेची सत्ता काढून घेणे हे शासनाचे काम आहे. त्यासाठी संहिता काढून घ्यावी लागत नाही.

हा भेद शासनाला नेहमीच उमजतो असे नाही. १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनानेच आंबेडकरांच्या इंग्रजी लेखनाचा चौथा खंड, 'रिडल्स इन हिंदुइझम', प्रसिद्ध केला. राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्टावरून शिवसेनेसह काही संघटनांनी आंदोलन केले. शासन परिशिष्ट वगळण्यास तयार झाले. १९८८ च्या आरंभी मुंबईत दलितांचा प्रचंड मोर्चा निघाला. आणि अखेर परिशिष्ट राहिले, त्यातील मतांशी शासन सहमत नाही अशी टीप मात्र आली. तडजोड म्हणून ही टीप कोणालाच पुरती रुचली नाही. तरी तिच्यात जे घडले ते बंदीच्या कोणत्याही हुकुमात घडत नाही: शासन एक वाचक म्हणून आपले मत पानाच्या तळाशी लिहिते आणि वरचा मजकूर तसाच ठेवते. टीप त्या एकाच प्रकरणाला आहे. उरलेल्या प्रकरणांत वेद, वर्ण आणि ब्राह्मण्य यांविषयी जे लिहिले आहे, त्याच्याशी शासन सहमत आहे काय, हे मात्र आजवर कोणी विचारलेले दिसत नाही.