पाणी कुठं मुरतंय

‘कुठंतरी पाणी मुरतंय’ असं आपण म्हणतो तेव्हा बोलण्यात पाणी नसतं, माणूस असतो. कुणाचा हिशेब जुळत नाही, कुणी उगाचच गोड बोलायला लागलंय, की हे वाक्य आलंच. पण खरोखरचं पाणी मुरायला लागलं तरी आपण आधी माणूसच शोधतो, हे मात्र मी अलीकडे बघितलं. दोष शोधणं आणि दोषी शोधणं ही दोन्ही कामं आपण एकच समजतो. माझ्या मते ती एकमेकांच्या आड येतात.

माझ्या धाकट्या दिरांकडे 16 वर्षांची जुनी गाडी आहे. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. एकदा लागला की गणपतीपर्यंत भिंतींची ओल सुटत नाही. सलग तीन पावसाळे त्या गाडीत पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी पाणी साचत होतं. पाय ठेवला की पचकन आवाज. आत बसलं की भिजलेल्या गोणपाटाचा वास. चातुर्मासात आपल्या घरांतून लोणच्याच्या बरणीला ओला चमचा लागू देत नाहीत, पापडाच्या डब्यात जीव पडू नयेत म्हणून ऊन दिसलं की डबे अंगणात काढतात, आणि इथं मॅटखाली बुरशीचं शेत पिकलेलं!

डावी सीट जाऊबाईंची. त्यामुळं पहिला आळ त्यांच्यावर आला : काच नीट लावत नाही. आपल्याकडे ही रीतच आहे. दूध उतू गेलं तर जवळ कोण उभी होती, मुलाला मार्क कमी पडले तर अभ्यास कोण घेत होती! ओल जिथं दिसते तिथं जी बसलेली असते, तिनं आधी उत्तर द्यायचं. जाऊबाईंनी काच लावून दाखवली, पाऊस आला, पाणी आलं, त्या सुटल्या. मग ड्रायव्हर. तो पाइप धरून गाडी धुतो, त्यानंच पाणी आत जातं असं ठरलं. नव्या मॅटिंगचे 2,400 रुपये त्याच्या पगारातून दोन हप्त्यांत कापले. तो फारसं काही बोलला नाही. दिवाळीनंतर काम सोडून निपाणीला गेला. पुढच्या जूनमध्ये ती गाडी कुणीही पाइपनं धुतली नाही. पाणी आलंच.

दुरुस्त्या काही कमी झाल्या नव्हत्या. एका गॅरेजवाल्यानं पुढच्या काचेभोवती सिलिकॉन भरलं. दुसऱ्यानं दाराची रबरं बदलली. तिसऱ्याला दाराच्या तळाला भोकं दिसली. ‘इथनंच शिरतंय बघा’ म्हणून त्यानं ती बुजवून टाकली. त्यानंतर गाडी वळणावर वळली की दारातून हंडा हिंदकळल्यासारखा आवाज येई. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात, हे मला नंतर कळलं. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या पोकळीत थोडंफार उतरतंच. ते तळाच्या भोकांतून बाहेर पडावं आणि माणसं बसतात त्या बाजूला येऊ नये म्हणून दाराच्या आतल्या पॅनेलमागं प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. गाडी म्हणजे झाकण लावलेली बरणी नव्हे. ती आपल्या जुन्या कौलारू घरासारखी असते. पाणी येणार हे धरूनच पन्हळ आणि मोरी बांधलेली. येणाऱ्या पाण्याशी भांडण नाही, त्याची जायची वाट मोकळी पाहिजे.

शेवटी टिळकवाडीतले एक वयस्कर मिस्त्री भेटले. त्यांनी हत्याराला हात लावण्याआधी प्रश्नच विचारले. उन्हाळ्यात एसी लावल्यावर पाणी येतं का? (येत असतं तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली.) पाण्याला रंग आहे का, गोडसर वास, बोटाला चिकटपणा? (असता तर हीटरमधून इंजिनाचं कूलंट गळतंय.) गाडी चालताना येतं की उभी असताना? कुठं उभी करता? गुलमोहराखाली, असं कळल्यावर ते नुसतं ‘हं’ म्हणाले.

मग त्यांनी मॅटिंग उचलायला लावलं. वर हाताला कोरडं लागत होतं, पण खालचा जाड नमदा पिळला तर धार लागली. दोन दिवस पंखा लावून सगळं खडखडीत वाळवलं. ओल्या गाडीत शोधायला गेलं तर जुनं पाणी खोटी साक्ष देतं, असं त्यांचं म्हणणं. वाळल्यावर खाली रद्दी पेपर अंथरले, डॅशबोर्डखाली अंगाला लावायची पावडर भुरभुरवली. एक पोरगा बॅटरी घेऊन आत आडवा, दुसरा बाहेर पाइप घेऊन. पाणी खालून वर, एकेका जागी पाच-दहा मिनिटं, धीरानं. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे जातो आणि काहीच कळत नाही. दाराला काही नाही. काचेच्या कडेला काही नाही. पाइप वायपरखालच्या काळ्या जाळीवर आला, आणि थोड्या वेळानं आतल्या पोरानं हाक दिली. पंख्याच्या डब्यातून पाणी उतरत होतं, पावडरीत त्याची बारीक रेघ उमटली होती.

जाळी काढली तर खाली गुलमोहराची पानं. ती किती बारीक असतात! जाळीतून सहज गळतात. तीन-चार वर्षांचा थर मातीसकट घट्ट बसला होता आणि कोपऱ्यातली पाणी जायची नळी पार बुजली होती. जायला वाट नाही म्हणून पाणी चढायचं आणि हवा जिथून आत घेतली जाते तिथून घरात शिरायचं. बोटानं आणि मऊ तारेनं काम झालं. दाराची बुजवलेली भोकंही त्यांनीच मोकळी केली.

दिरांनी विचारलं, “मग चूक कुणाची म्हणायची? झाडाची?” झाड माझ्या सासऱ्यांनी लावलेलं. गाडी तिथं उभी राहते कारण गॅरेज भाड्यानं दिलंय. ते भाड्यानं दिलं कारण… असं मागं मागं गेलं तर थेट पणजोबांपर्यंत पोचता येईल. मिस्त्री हात पुसत म्हणाले, “चूक कुणाची ते तुमी बघा की साहेब. आमी बोट पोचतंय तिथवर बघतो.”

स्वाध्यायात आस्रव समजावताना होडीचा दाखला देतात. छिद्रातून पाणी येतं तो आस्रव, छिद्र बुजवणं हा संवर, साचलेलं उपसून टाकणं ही निर्जरा. लहानपणापासून ऐकलेला हा दाखला त्या दिवशी पुन्हा आठवला, आणि जाणवलं की होडीला छिद्र कुणी पाडलं, हे त्यात विचारलेलंच नाही. बुडणाऱ्याला त्या उत्तराचा उपयोग नसतो.

हे मी एका मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, “सोयीचंच झालं की! म्हणजे कुणाला जाबच विचारायचा नाही?” तिचा प्रश्न रास्त आहे. कारण मागं मागं नेत राहिलं की प्रत्येकजण सुटतो, हेही मी पुष्कळ घरांतून पाहिलंय. मला वाटतं, इथं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी आलं, त्यात दोषी कुणीच नव्हतं. पगार कापला, त्यात होतं. आणि ते शोधायला ना पावडर लागत होती, ना बॅटरी. “तेव्हा आम्हाला कुठं माहीत होतं,” असं दीर म्हणाले. खरंय. पण माहीत नव्हतं म्हणून पैसे का कापले एवढंच त्यातून कळतं. ते पैसे आपल्याकडे का राहावेत, हे कळत नाही. आता तो दुसरीकडे लागलाय, जुनं कशाला उकरायचं, असंही बोलणं झालं. मला ते पटलं नाही, आणि मी तसं बोलून दाखवलं.

जाऊबाई मात्र काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या हिशेबाच्या वहीत दोन्ही हप्ते तारखेसह लिहिलेले होते. पुढच्या महिन्यात निपाणीला एका लग्नाला जायचं होतं, तेव्हा त्यांनी निरोप धाडून त्याला कार्यालयाबाहेर बोलावलं आणि पाकीट दिलं. मी शेजारीच होते. त्यानं ते उघडलं नाही, तसंच खिशात ठेवलं. थोडा वेळ गाडीकडे बघत राहिला.

“वैनी,” तो म्हणाला, “पाणी येत होतं तरी कुठनं?”

जाऊबाईंनी किल्ली काढली आणि बॉनेट उघडून त्याला ती जाळी दाखवली.