संभाजी महाराजांना न्याय कुणी दिला?

मार्च 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या असीरगडाच्या परिसरात माणसं रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं उकरत होती. ‘छावा’ चित्रपटात बऱ्हाणपूरची लूट पाहिलेली. तेव्हा मोगलांची सोन्याची नाणी इथेच कुठेतरी पुरलेली असणार, असा हिशेब. त्यांना हसायचा अधिकार आपल्याला नाही. वादात ‘कादंबरीत तसं दिलंय’ म्हणून समोरच्याला गप्प करणारे सुशिक्षित मराठी वाचक दुसरं काय करतात? त्यांच्या हातात फावडं नसतं, एवढंच.

ऐतिहासिक कादंबरी वाचू नये, असं मी म्हणत नाही. तिला साक्षीदार म्हणून उभं करू नये. हरिभाऊंचा ‘उषःकाल’ आणि राजवाड्यांच्या साधनांचा पहिला खंड एकाच दशकातले. पारतंत्र्यात पूर्वजांची ओळख नव्याने करून घ्यायची निकड दोन्हींच्या मागे होती, पण एकाचं काम दुसऱ्याने करावं अशी अपेक्षा नव्हती. पुढचा नाथमाधव, हडप, ‘स्वामी’ हा प्रवास सगळ्यांना पाठ आहे. ‘श्रीमान योगी’ला तर कुरुंदकरांची चिकित्सक प्रस्तावनाच आहे; ती ओलांडून थेट कादंबरीत शिरणारेही उदंड.

घोळ होतो तो संभाजी महाराजांपाशी. सार्वत्रिक समज असा, की इतिहासकारांनी राजांना बदनाम केलं आणि 1979 साली शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ने तो डाग पुसला. रुक्ष इतिहास हरला, रसाळ कादंबरी जिंकली. प्रत्यक्षात घडलं ते नेमकं उलट.

बदनामीचा मोठा वाटा मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीचा. ती लिहिली गेली राजांच्या मृत्यूनंतर जवळजवळ सव्वाशे वर्षांनी, आणि लिहिणारे बाळाजी आवजींचे वंशज. या बाळाजींना राजांनी 1681 मध्ये देहदंड दिला होता. बखरीने राजांची छबी काळ्या रंगात रंगवली आणि पुढच्यांनी तीच गिरवली. गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’मधला राजाही विलासीच. सरदेसायांसारख्या साक्षेपी इतिहासकारानेसुद्धा रियासतीतल्या त्या भागाला ‘उग्रप्रकृति संभाजी’ असं नाव दिलं. म्हणजे राजांना खाली ओढलं ते एका रंगतदार गोष्टीनेच. इतिहासकारांचा दोष एवढाच, की त्यांनी तिच्यावर भरवसा ठेवला.

ती गोष्ट मोडीत काढली वा. सी. बेंद्र्यांनी, 1960 साली, ‘छत्रपती संभाजी महाराज’ या चरित्राने. गोष्टीला गोष्टीने उत्तर देण्याच्या फंदात ते पडले नाहीत. हे कुणी लिहिलं, किती वर्षांनी लिहिलं, कुणाची मर्जी किंवा कुठला राग मनात धरून लिहिलं, हे ते विचारत गेले. ‘साधन-चिकित्सा’ लिहून त्यांनी या कामाची तयारी 1928 सालीच केली होती. या कसोटीवर पाहिलं, की जेधे शकावलीतली कोरडी नोंद रसभरित बखरीला भारी पडते: तिथी, घटना, विशेषणाला जागाच नाही. शत्रूचे कागद तर त्याहून बोलके. 1683 च्या अखेरीस मराठी फौजा गोव्याच्या दाराशी आल्या, तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉयने जुन्या गोव्यात सेंट झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला अधिकारदंड तिथे ठेवला. आता संतानेच राज्य राखावं म्हणून. नुसत्या विलासात बुडालेल्या राजाचा असा धसका कोण घेईल?

‘छावा’ आली ती बेंद्र्यांनंतर एकोणीस वर्षांनी; मधल्या काळात कमल गोखल्यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ही येऊन गेलं होतं. जमीन आधीच मोकळी झाली होती, सावंतांनी तिच्यावर वाडा बांधला. ते काम थोर आहेच. येसूबाईंच्या मनात काय दाटलं असेल, हे कुठलाही कागद सांगत नाही. त्यासाठी कादंबरीकारच हवा. मात्र संशोधकाच्या पुस्तकातही एक थरार असतो, तो आपण हातचा घालवला आहे: एखादी पक्की समजूत पानागणिक ढासळताना पाहण्याचा.

चिटणिसांच्या बखरीवर डोळे झाकून विसंबलेला वाचक आणि आज पडद्यावर विसंबणारा प्रेक्षक एकाच पठडीतले आहेत. फक्त गोष्ट बदलली. आजची गोष्ट आपल्या बाजूची आहे म्हणून आपण खूश. पण उद्या अधिक कसबी लेखक उलट गोष्ट घेऊन आला, तर तिला रोखायला आपल्यापाशी असतील ते बेंद्र्यांनी गोळा केलेले पुरावेच. ते वाचायची सवय आपण तोवर ठेवली असेल, तर.